गव्हाणीतली खुडूक

आधी कोण उठतं यावर आमच्या परसात एकमत नाही.
कोंबडा म्हणतो तो.
घोडी म्हणते ती,
पाय आपटते तीनदा, थांबते,
मग एकदा, जणू राहिलेलं आठवून.
मी दोघांच्याही आधी जागी असते,
पण मला आरवता येत नाही.

खुराड्याचं फळकूट सरकवलं की
पहिली बोडक्या मानेची, मग काबरी,
मग त्या चौघी, सारख्या दिसणाऱ्या,
ज्यांना समिधानं नावं ठेवली
आणि स्वतःच विसरली.
कणी फेकते. लीद भरते घमेल्यात,
माडाच्या आळ्यात नेऊन ओतते.
काबरी मागोमाग येते,
न पचलेला हरभरा एकेक टिपते.
आमच्याकडे काही वाया जात नाही,
मोरेश्वरचं बोलणं सोडलं तर.

शनिवार-रविवार शेवंती नागावच्या समुद्रावर.
गळ्यात प्लास्टिकची फुलं, कपाळावर आरसा,
सुरूच्या तुटक्या खोडापर्यंत आणि परत, शंभर रुपये.
पोरं रडतात, बाप फोटो काढतात,
मोरेश्वर लगाम धरून अनवाणी धावतो.
घोडीचं नाव सगळे विचारतात.
तिला ते खोड इतकं पाठ
की परसात मोकळी सोडली तरी
विहिरीपर्यंत जाते आणि वळते,
पाठीवर कोणी नसताना.

जून लागला की समुद्र बंद.
चार महिने घोडी उभी, घोडी खाते.
तेव्हा समिधाच्या वहीत दोन रकाने:
अंडी जमा, हरभरा खर्च.
गावठी अंडं पंधराला,
होमस्टेवाली दळवीण पावसात अर्धीच घेते,
उरलेली मी बाजारात नेते, भुशाच्या टोपलीत.
नाक्यावर मोरेश्वर सांगतो,
आपलं घर घोडीवर चाललंय.
सहा कोंबड्या ऐकत नाहीत, हे बरं.

यंदा श्रावणात काबरी खुडूक झाली.
डालग्यात रवणीला बसवली, उठली.
पडवीत बसवली, उठली.
आणि एका सकाळी दिसली गव्हाणीत,
शेवंतीच्या वैरणीवर, पिसं फुगवून.
घोडीनं नाक खाली नेलं, फुरफुरली.
काबरीनं नाकपुडीवर चोच मारली,
रक्ताचा एवढासा ठिपका आला.
"उचल तिला," मोरेश्वर म्हणाला.
मी उचललं नाही.
अकरा अंडी गुपचूप खाली सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून शेवंती दुसऱ्या टोकाने खायला लागली.
एकवीस दिवस.
खलफेचाचा येऊन नाल ठोकून गेले,
ठाणठाण आवाजानं चिमण्या उडाल्या,
काबरी नाही उडाली.
आठ निघाली, तीन गढूळ.
एक घारीनं नेलं, माझ्या डोळ्यांदेखत,
हातातला झाडू मी उगाचच फेकला.

उरलेली सात घोडीच्या पायांत वाढली.
मग एक दिवस शेवंती पाय उचलून उभी राहिली,
पुढचा उजवा, खाली ठेवेचना.
मोरेश्वर घाबरला, खलफेचाचांना बोलावलं,
त्यांनी खूर तपासला, नाल तपासला,
दाबून पाहिलं, वास घेतला.
"काय नाय रे तिला," म्हणाले,
आणि खालून एक पिल्लू काढून माझ्या हातात दिलं.

ऑक्टोबरात समुद्र उघडला.
पहिल्याच रविवारी, पाठीवर नाशिकचा मुलगा,
शेवंती मध्येच थांबली,
उजवा पाय हवेत.
मोरेश्वरनं ओढलं, चुचकारलं, शिवी दिली.
वाळूतून एक कुर्ली तिरकी तिरकी गेली,
घाई नव्हती तिला.
मुलाच्या बापाचा वेळ मोडला,
त्यानं पन्नास परत घेतले.

रात्री समिधा वही उघडून बसली.
"आई, हे पन्नास कुणाच्या नावावर?"
मोरेश्वर जेवत होता, बोलला नाही.
मागे परसात कोणीतरी पाय आपटला,
तीनदा, आणि मग एकदा.
मी म्हटलं, काबरीच्या लिही.